रॉक मशीन (इंडस क्रीड)

मुंबईतील इंग्रजी रॉक बँड. स्थापना १९८४. १९९३ मध्ये ‘रॉक मशीन’ हे नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झाले. स्वतः रचलेली गाणी घेऊन उभा राहिलेला हा भारतातील अग्रगण्य रॉक बँड होय.

पार्श्वभूमी : १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या मॉटली क्रू, पॉयझन अशा बँडनी ग्लॅम मेटल ही शैली लोकप्रिय केली. टिपेचा गळा, गिटारची झगझगीत सोलो, सहज ओठांवर रुळणारे ध्रुवपद, भरघोस केस आणि भपकेबाज पेहराव ही तिची लक्षणे. रॉक मशीनचे सुरुवातीचे हार्ड रॉक या शैलीच्या जवळचे होते. मुंबईत धोबी तलावाचे रंगभवन हे तेव्हा रॉकप्रेमींचे हक्काचे ठिकाण. तिथे आणि महाविद्यालयीन महोत्सवांत बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत.

घडण : आरंभीच्या संचात गिटारवादक महेश तिनईकर, बासवादक मार्क सेल्विन आणि गायक इयन सांतामारिया होते. पुढे गायनाची धुरा उदय बेनेगल यांच्याकडे आली. जयेश गांधी दुसऱ्या गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आणि मार्क मेनेझिस ड्रमवर आले आणि सहा जणांचा गाजलेला संच सिद्ध झाला. दोन गिटार असल्याने एकीने रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) धरून ठेवायची आणि दुसरीने सोलो घ्यायची, अशी वाटणी शक्य झाली. कीबोर्डमुळे संथ गाण्यांना भरीवपणा आला. ‘रॉक ’एन’ रोल रेनिगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे ‘रॉक मशीन’ या नावाने आलेले दोन अल्बम.

नामांतर : १९९१ नंतर ग्रंज या नव्या रॉक शैलीच्या लाटेपुढे ग्लॅम मेटल जगभर मागे पडले. रॉक मशीननेही कात टाकली. नव्या नावाने आलेल्या ‘इंडस क्रीड’ (१९९५) या अल्बममध्ये भारतीय वाद्यांचे स्वर रॉकच्या चौकटीत आले. ‘प्रिटी चाइल्ड’ व ‘ट्रॅप्ड’ ही गाणी एमटीव्हीमुळे घरोघरी पोहोचली.

विघटन व पुनरागमन : १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा बँड काढला. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला तो पाच जणांचा. बेनेगल, तिनईकर व बालापोरिया यांच्या जोडीला बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी आले. या संचाचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम २०१२ मध्ये निघाला.

महत्त्व : माणसे, नाव आणि शैली बदलली, तरी स्वतःचीच गाणी करण्याचा बाणा या बँडने सोडला नाही. २०१० मध्येच पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ महोत्सव सुरू झाला. त्याच्या मंचांवर भारतीय बँडनी स्वरचित गाणी सादर करणे ही रीतच होती. ती रुजवण्यात रॉक मशीनचा वाटा मोठा आहे.