उच्च श्रेणीचा लॅपटॉप निवडताना : रेझोल्युशनचे आकडे आणि त्यामागचा हिशेब

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीचा नियमित पाठिंबा संपवला. त्यामुळे पाच-सात वर्षे विनातक्रार चाललेले अनेक लॅपटॉप एकाएकी बदलण्याच्या यादीत आले. ज्यांची रोजीरोटी या यंत्रावर चालते, अशा व्यावसायिकांचा ओढा साहजिकच उच्च श्रेणीच्या लॅपटॉपकडे असतो. मात्र या श्रेणीत किंमत वाढते तसे माहितीपत्रकातील आकडेही वाढतात. त्यांपैकी कोणता आकडा रोजच्या कामात उतरतो आणि कोणता केवळ पावतीवर, हे ओळखणे कठीण होऊन बसते.

या निवडीसाठी एक साधे सूत्र उपयोगी पडते : जे नंतर बदलता येत नाही, ते आधी ठरवावे. माऊस, बाहेरची साठवण, मोठा मॉनिटर या गोष्टी पुढे केव्हाही घेता येतात. स्क्रीन आणि बहुतेक पातळ लॅपटॉपमधील मेमरी मात्र खरेदीच्या दिवशीच कायमची ठरते. म्हणून विचाराचा आरंभ प्रोसेसरच्या नावापासून न करता स्क्रीनपासून करणे शहाणपणाचे ठरते.

पिक्सेलची संख्या आणि घनता

रेझोल्युशन म्हणजे स्क्रीनवरील आडव्या आणि उभ्या पिक्सेलची संख्या. १९२० × १०८० या फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. ३८४० × २१६० या फोर-के स्क्रीनवर ते बरोबर चौपट, म्हणजे सुमारे ८२.९ लाख होतात. परंतु केवळ संख्येवरून अक्षरे किती रेखीव दिसतील, ते कळत नाही. त्यासाठी ही संख्या किती इंचांत बसवली आहे ते पाहावे लागते. एका इंचात मावणाऱ्या पिक्सेलच्या संख्येला घनता म्हणतात आणि ती पीपीआय या एककात मोजतात.

१५.६ इंची फुल एचडी स्क्रीनची घनता सुमारे १४१ पीपीआय असते. १४ इंची १९२० × १२०० स्क्रीनची १६२, १६ इंची २५६० × १६०० स्क्रीनची १८९, १४ इंची २८८० × १८०० स्क्रीनची २४३ आणि १५.६ इंची फोर-के स्क्रीनची २८२ भरते. अ‍ॅपलच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोचे रेझोल्युशन वेगवेगळे असले, तरी दोहोंची घनता २५४ पीपीआय आहे. अक्षरांचा रेखीवपणा मूळ संख्येवर नव्हे, तर घनतेवर ठरतो, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

लांबी-रुंदीचे प्रमाणही महत्त्वाचे असते. १६:९ हे प्रमाण चित्रपटांना सोयीचे, तर १६:१० स्क्रीन किंचित उंच असते. तिच्यावर दस्तऐवजाच्या, हिशेबाच्या तक्त्याच्या किंवा संगणकीय संहितेच्या काही ओळी अधिक मावतात. वाचन-लेखन हेच मुख्य काम असणाऱ्यांना ही उंची अनेकदा जास्तीच्या पिक्सेलपेक्षा अधिक उपयोगी पडते.

डोळा, अंतर आणि देवनागरी

सामान्य, निरोगी दृष्टीला साधारण एक कलाएवढे, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात. लॅपटॉप डोळ्यांपासून ५० सेंटीमीटरवर असेल, तर या मोजमापानुसार सुमारे १७५ पीपीआय घनतेपलीकडे सुटे पिक्सेल दिसेनासे होतात. अंतर ६० सेंटीमीटर असेल, तर हीच मर्यादा १४५ च्या आसपास येते आणि ४० सेंटीमीटरला ती २१८ पर्यंत जाते. ही रेषा काटेकोर नाही. रेषांमधील बारीक सरक डोळ्याला याहून सूक्ष्म पातळीवरही जाणवते, म्हणून मर्यादेच्या थोडे वर गेल्यास अक्षरे अधिक कोरीव वाटतात. मात्र २२० ते २५० च्या पुढे हा लाभ झपाट्याने आटतो.

मराठी वाचकांसाठी या हिशेबाला आणखी एक पैलू आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे भाग. त्यामुळे त्याच आकारात अक्षराच्या मुख्य अंगाला रोमन लिपीच्या तुलनेने कमी जागा मिळते. ‘भ’ आणि ‘म’ किंवा ‘ध’ आणि ‘घ’ यांतील एक प्रमुख फरक म्हणजे शिरोरेषेतील लहानशी फट. कमी घनतेच्या स्क्रीनवर लहान अक्षरांत ही फट एखाद-दोन पिक्सेलांची उरते आणि कडा धूसर झाल्या की बुजते. ‘द्ध’, ‘द्य’, ‘द्म’ या जोडाक्षरांचीही तीच गत होते. जो व्यावसायिक दिवसभर इंग्रजीत काम करतो आणि संध्याकाळी मराठी वाचतो किंवा लिहितो, त्याला घनतेतील फरक प्रथम देवनागरीतच जाणवतो.

चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी मात्र एक गैरसमज टाळावा. अधिक रेझोल्युशन म्हणजे मोठी अक्षरे नव्हेत. अक्षरांचा आकार ऑपरेटिंग सिस्टीममधील स्केलिंगवर अवलंबून असतो. फोर-के स्क्रीनवर २०० टक्के स्केलिंग ठेवले, तर कामाची जागा फुल एचडीइतकीच राहते, फक्त प्रत्येक अक्षर चौपट पिक्सेलांनी रेखले जाते. विंडोजवर १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग ठेवल्यास काही जुनी सॉफ्टवेअर धूसर दिसतात. कार्यालयीन कामासाठी असे एखादे जुने सॉफ्टवेअर वापरावे लागत असेल, तर आधी चाचणी घेणे इष्ट.

जास्त पिक्सेलची किंमत

अधिक पिक्सेल फुकट मिळत नाहीत. एलसीडी प्रकारात पिक्सेल लहान झाले की प्रकाश पार जाण्याची वाट अरुंद होते. तेवढीच उजळता राखण्यासाठी मागच्या दिव्याला अधिक वीज लागते. ग्राफिक्स चिपवरील भारही वाढतो, कारण फोर-के रेझोल्युशनवर खेळ किंवा त्रिमितीय आराखडा चालवताना दर चित्रचौकटीत चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. म्हणूनच १४ ते १६ इंची लॅपटॉपसाठी २५६० × १६०० ते २८८० × १८०० हा मधला पट्टा बहुतेकांना पुरेसा ठरतो. छायाचित्रांचे बारीक संस्करण किंवा फोर-के चित्रफितींचे संकलन करणाऱ्यांना त्यापुढचा खर्च सार्थ वाटू शकतो.

जे दिवसाचा बराच वेळ लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडून काम करतात, त्यांनी उलट हिशेब करावा. २७ इंची फोर-के मॉनिटरची घनता सुमारे १६३ पीपीआय असते आणि तो लॅपटॉपपेक्षा लांब ठेवला जातो, म्हणून अक्षरे पुरेशी स्वच्छ दिसतात. अशा वेळी लॅपटॉपच्या स्क्रीनवर वाचवलेली रक्कम मेमरीकडे वळवणे हिताचे.

रेझोल्युशनपलीकडची स्क्रीन

उजळता निट या एककात मोजतात. ३०० निट घरात पुरतात, पण मोठ्या खिडकीशेजारी, आगगाडीत किंवा आखाती उन्हाने उजळलेल्या दिवाणखान्यात ४०० ते ५०० निट हवेत. चकचकीत काच रंग खुलवते आणि त्याचबरोबर मागचा दिवाही दाखवते. मंद, प्रतिबिंब न दाखवणारी स्क्रीन कामाला अधिक सोयीची असते.

रंगांच्या बाबतीत माहितीपत्रक बारकाईने वाचावे. ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख असलेली स्क्रीन फिकी असते. ‘७२ टक्के एनटीएससी’ हे साधारण पूर्ण एसआरजीबीच्या बरोबरीचे असते आणि सर्वसाधारण कामाला ते पुरते. चित्रफिती आणि छायाचित्रे यांसाठी डीसीआय-पी३ या विस्तृत रंगपटाचे प्रमाण पाहावे.

ओलेड स्क्रीनवर काळा रंग खरोखर काळा दिसतो, कारण तेथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि विझतो. तथापि एकच पट्टी वर्षानुवर्षे त्याच जागी राहिल्यास तिचा ठसा उमटण्याची शक्यता असते. काही ओलेड स्क्रीन कमी उजळतेवर वेगाने लुकलुकतात, त्याचा संवेदनशील डोळ्यांना त्रास होऊ शकतो. दिवसभर पांढऱ्या दस्तऐवजांवर काम करणाऱ्यांना चांगली आयपीएस किंवा मिनी एलईडी स्क्रीन अधिक निश्चिंत ठेवते. ६० ऐवजी १२० हर्ट्झ वारंवारितेमुळे मजकूर सरकवताना तो स्थिर भासतो. हा फरक सुखद असला, तरी अपरिहार्य नाही.

मेमरी आणि साठवण

पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बहुधा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. मॅकबुकमध्ये तर ती प्रोसेसरच्याच वेष्टनात असते आणि ग्राफिक्सही तिचाच वाटा घेते. अशा यंत्रात १६ जीबी घेतले की शेवटपर्यंत १६ जीबीच. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि तक्ते यांसाठी आज १६ जीबी पुरतात. पण पाच वर्षांचा विचार करता ३२ जीबी हा सुरक्षित टप्पा आहे. आभासी यंत्रे, मोठे विदासंच, चित्रफीत-संकलन किंवा स्वतःच्या यंत्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे चालवणे या कामांना ६४ जीबीची गरज भासू शकते.

साठवणीचे तसे नाही. अनेक विंडोज लॅपटॉपमधील एसएसडी बदलता येते आणि कुठल्याही लॅपटॉपला बाहेरून एसएसडी जोडता येते. निधी मर्यादित असेल, तर साठवण थोडी कमी घेऊन मेमरी वाढवावी.

एक नाव, दोन यंत्रे

प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्या नावांवर विसंबणे धोक्याचे असते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० चे उदाहरण बोलके आहे. डेस्कटॉपसाठीच्या कार्डात २१,७६० कोअर आणि ३२ जीबी मेमरी असून ते ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये १०,४९६ कोअर आणि २४ जीबी मेमरी असते. शिवाय लॅपटॉपमधील चिपला किती वॅट द्यायचे, हे उत्पादक ठरवतो. त्यामुळे एकाच चिपचे दोन लॅपटॉप वेगवेगळ्या गतीने चालू शकतात. पातळ कवचातील यंत्र पहिली काही मिनिटे धावते आणि तापल्यावर मंदावते. म्हणून परीक्षण वाचताना क्षणिक गुणांकापेक्षा अर्ध्या तासाच्या सलग भारानंतरची कामगिरी पाहावी.

‘कोपायलट प्लस’ ही खूण असलेल्या लॅपटॉपमध्ये सेकंदाला ४० लाख कोटींहून अधिक क्रिया करणारा एनपीयू, किमान १६ जीबी मेमरी आणि किमान २५६ जीबी साठवण असावी लागते. स्क्रीनच्या गुणवत्तेविषयी ही खूण काहीही सांगत नाही. स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेचे लॅपटॉप बॅटरीच्या बाबतीत काटकसरी आहेत, परंतु ते एआरएम रचनेवर चालतात. कार्यालयाचे व्हीपीएन, जुना प्रिंटर किंवा विशिष्ट अभियांत्रिकी सॉफ्टवेअर त्यावर चालते का, याची खात्री आधीच करून घ्यावी.

बॅटरी आणि विमानप्रवास

‘१८ तास’ या जाहिरातीपेक्षा बॅटरीची वॅट-तासांतील क्षमता अधिक प्रामाणिक असते. ७० वॅट-तासांची बॅटरी सरासरी १० वॅट वापरावर सात तास चालेल, तर उजळ, दाट स्क्रीनमुळे सरासरी १४ वॅटवर गेली की पाच तास. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीविना नेता येते, तर १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती लागते. सर्वात मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ च्या आसपास थांबतात, त्याचे कारण हेच.

युरोपीय संघात २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपनाही यूएसबी-सी चार्जिंगचा नियम लागू केलेला आहे. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर अमेरिकेत घेतलेले यंत्र भारतातील २३० व्होल्टवर चालते. फक्त प्लग बदलावा लागतो.

खरेदीचा देश

किमतींची तुलना करताना कराचा विचार हवा. ब्रिटनमधील किमतीत २० टक्के व्हॅट आणि संयुक्त अरब अमिरातीत ५ टक्के व्हॅट समाविष्ट असतो. अमेरिकेत विक्रीकर पैसे भरताना जोडला जातो आणि तो राज्यागणिक बदलतो. ओरेगॉन आणि डेलावेअरमध्ये तो नाही. ब्रिटिश कीबोर्डवर @ आणि अवतरणचिन्ह यांच्या जागा अमेरिकी कीबोर्डच्या तुलनेत उलट असतात, तर आखातात कळांवर अरबी अक्षरेही असतात. हमी आंतरराष्ट्रीय आहे की केवळ त्या देशापुरती, हे लेखी पाहावे. भारतात जाणाऱ्या १८ वर्षे किंवा अधिक वयाच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काविना नेता येतो. आईवडिलांसाठी दुसरा नेण्याचा बेत असेल, तर चालू नियम आधी तपासावेत.

निवडीचा क्रम

प्रथम स्क्रीनचा आकार आणि नेहमीचे अंतर ठरवावे, त्यावरून घनता. मग उजळता आणि प्रकार, त्यानंतर मेमरी, मग कामाला लागेल तेवढाच प्रोसेसर आणि ग्राफिक्स, आणि शेवटी साठवण. दुकानात यंत्रे पूर्ण उजळतेवर, रंगीबेरंगी चित्रफिती दाखवत मांडलेली असतात. तेथे उजळता निम्मी करावी, एखादे मराठी वृत्तपत्र उघडावे, अक्षरे नेहमीच्या आकाराची ठेवावीत आणि नेहमीच्या अंतरावरून दहा मिनिटे वाचावे. ‘भ’ आणि ‘म’ विनासायास वेगळे दिसत असतील आणि डोळे पुढे झुकत नसतील, तर त्याहून अधिक पिक्सेलसाठी पैसे मोजण्याचे कारण बहुधा उरत नाही. ती रक्कम मेमरीत गुंतवल्यास यंत्राचे आयुष्य वाढते.