'फाईल कर्व्ह करून पाठवा': लेबल-छपाईच्या नियमांचा इतिहास

१/
घरगुती मसाल्यांचा किंवा लोणच्यांचा उद्योग सुरू करणाऱ्यास लेबल छापताना छापखान्याकडून साधारण असा निरोप येतो: 'फाईल सीएमवायकेमध्ये द्या, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड ठेवा, डाय लाइन वेगळ्या लेयरवर घ्या, अक्षरे कर्व्ह करा.' अनेकांना ही अडवणूक वाटते. वस्तुतः या चार अटींमागे जवळपास तीनशे वर्षांचा अनुभव साठलेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
आरंभ रंगांपासून करू. याकोब क्रिस्तोफ ल ब्लों या चित्रकाराला १७१९ मध्ये लंडनमध्ये राजा पहिल्या जॉर्जकडून रंगीत छपाईचा विशेषाधिकार मिळाला. निळा, पिवळा आणि तांबडा यांसाठी तीन स्वतंत्र ताम्रपट करून तो एकावर एक छापत असे. गरजेनुसार चौथा, काळ्याचा. त्याची कंपनी टिकली नाही. कल्पना मात्र टिकली.

३/
ल ब्लोंने एक भेद स्पष्ट मांडला होता: प्रकाशाचे रंग मिसळले की पांढरा होतो, पदार्थांचे रंग मिसळले की काळा. आरजीबी आणि सीएमवायके यांतील फरक तोच आहे. संगणकाचा पडदा प्रकाश फेकतो, तर कागदावरची शाई प्रकाश शोषते. म्हणून पडद्यावरचा झळाळता पोपटी किंवा भगवा चार शायांत तसाच उतरत नाही. आरंभापासून सीएमवायकेमध्ये काम केले, तर हा अपेक्षाभंग छपाईपूर्वीच दिसतो.

४/
पुढचा टप्पा बव्हेरियातला. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डरने शिळामुद्रण शोधले. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वर छपाईची शाई फिरवायची. ती ओल्या भागाला चिकटत नाही, तेलकट रेषांनाच चिकटते. खोदकाम नाही, खिळे नाहीत. दगडावर जे काढता येईल ते छापता येईल.

५/
१८३७ मध्ये फ्रान्समधील म्युलूझ येथील गोदफ्रॉय एंगेलमानने बहुरंगी शिळामुद्रणाचे पेटंट घेतले. येथे एक नवा कारागीर उदयास आला. चित्रकाराच्या चित्राकडे पाहून त्यातील रंग मनोमन सुटे करायचे आणि प्रत्येक रंगाचा भाग वेगळ्या दगडावर, उलटा, ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवायचा, हे त्याचे काम. एका चित्राला दहा-बारा दगडही लागत. चित्रावर नाव चित्रकाराचे राही. या माणसाचे क्वचितच.

६/
सर्व दगड एकाच जागी जुळावेत म्हणून कडेला फुलीच्या खुणा असत. आजच्या फाईलच्या कोपऱ्यांतील रजिस्ट्रेशन मार्क त्याच फुलीचे वंशज. मूळ रेषाकृती ज्या दगडावर असे, त्याच्या आधाराने बाकीचे जुळवत. तो 'की', म्हणजे किल्लीचा दगड. सीएमवायकेमधील शेवटचे 'के' या 'की'चे मानले जाते. कागद जरासा सरकला तरी दोन रंगांमध्ये पांढरी फट दिसू नये, म्हणून रंग एकमेकांवर किंचित चढवत. आज त्यालाच ट्रॅपिंग म्हणतात.

७/
या तंत्राचा मोठा ग्राहक ठरला व्यापार. मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावर रंगीत तिकिटे चिकटवलेली असत. त्यांवर देवदेवता, राजे, हत्ती, वाघ. अक्षर न वाचता येणारे गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखी. मराठीत आजही 'अमुक छाप' म्हणजे त्या खुणेचा माल. छपाईची क्रिया आणि मालाची ओळख यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला, तो उगाच नव्हे.

८/
चित्र हीच ओळख ठरल्यावर नक्कल आली आणि नकलेमागून कायदा. ब्रिटनमध्ये १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला. १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली आणि बास कंपनीच्या बियरवरील लाल त्रिकोण पहिल्या क्रमांकाने नोंदला गेला. आता लाल रंग प्रत्येक खेपेस तोच हवा. अशा ठरावीक रंगासाठी चार शायांच्या मिश्रणाऐवजी तयार केलेली स्वतंत्र शाई वापरतात. १९६३ मध्ये पँटोनने अशा शायांना क्रमांक दिले. फाईलमध्ये 'स्पॉट कलर' म्हणून येतो तो हाच क्रमांक.

९/
मुंबईत १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी गिरगावात शिळाप्रेस काढला. जर्मन यंत्रे, जर्मन तंत्रज्ञ. त्यांपैकी फ्रिट्झ श्लायशर पुढे त्या छापखान्याचा मालक झाला. याच छापखान्यासाठी छायाचित्रांवरून दगडावर प्रतिमा उतरवण्याचे काम दादासाहेब फाळके यांनी केले. नंतर त्यांनी स्वतःचा छापखाना थाटला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या तंत्रासाठी जर्मनी गाठली. भारतीय चित्रपटाचा जनक त्याआधी आजच्या भाषेत 'प्रीप्रेस'चा माणूस होता.

१०/
फाळक्यांच्या काळात रंग सुटे करणारा हात मागे पडून कॅमेरा पुढे येत होता. १८८२ मध्ये म्युनिकच्या गेऑर्ग मायझेनबाखने हाफटोनचे पेटंट घेतले: जाळीतून छायाचित्र घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करायचे. आजही छायाचित्र ठिपक्यांतच छापले जाते. प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआय मागतात ते यासाठीच. व्हॉट्सॲपवरून आलेला आकसलेला फोटो मोठा केला, तरी त्यात नसलेला तपशील कोठून येणार?

११/
लेबलाला स्वतःचा गोंद मिळाला तो १९३५ मध्ये. लॉस एंजेलिसच्या स्टँटन ॲव्हरीने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर आणि शिवणयंत्राचे भाग जोडून, पाठीमागचा कागद सोलून चिकटवायच्या लेबलांचे यंत्र बनवले. अशा लेबलात वरचा थर कापायचा, खालचा कागद अखंड ठेवायचा. हे काम डाय करते. डाय लाइन म्हणजे त्या पात्याचा मार्ग. तो छापायचा नसतो, म्हणून वेगळ्या लेयरवर आणि वेगळ्या स्पॉट रंगात ठेवतात.

१२/
वेगाने धावणाऱ्या रोलवर पाते केसभर इकडेतिकडे होतेच. पार्श्वभूमीचा रंग नेमका कडेपाशी थांबवला, तर पांढरी किनार उघडी पडते. म्हणून रंग कडेबाहेर २-३ मिमी वाढवायचा, हे ब्लीड. उलट, मजकूर कडेपासून तितकाच आत ठेवायचा, नाहीतर वजनाचा शेवटचा आकडा पात्याखाली जायचा. यंत्राचा थरथराट गृहीत धरून केलेली ही तजवीज आहे.

१३/
रोलवरची लेबले बहुधा फ्लेक्सो पद्धतीने छापतात. तिचे जुने नाव 'ॲनिलीन छपाई'. हे रंग विषारी असल्याचा समज खाद्यपदार्थांच्या वेष्टनांना अडचणीचा ठरला, म्हणून अमेरिकेत १९५२ मध्ये ते नाव बदलले गेले. या पद्धतीत लवचीक प्लेट दाबली जाऊन ठिपके आणि रेषा किंचित फुगतात. बारीक अक्षरे चार रंगांत न घेता एकट्या काळ्यात घ्या असे सांगतात, ते यामुळे.

१४/
२६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावी दुकानात पहिला बारकोड वाचला गेला. माल होता च्युइंगगमचे पाकीट. आता लेबल वाचणाऱ्यांत यंत्रही आले. पुष्कळ स्कॅनर तांबडा प्रकाश टाकतात, त्यामुळे पांढऱ्यावरच्या तांबड्या रेषा त्यांना दिसतच नाहीत. सौंदर्यासाठी बारकोड लाल करू नये.

१५/
१९८४ च्या पोस्टस्क्रिप्टने पानाचे वर्णन यंत्राच्या भाषेत करता येऊ लागले. १९९३ मध्ये पीडीएफ आले. इंग्रजीचा प्रश्न बराचसा सुटला. देवनागरीचा रेंगाळला. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजीच्या जागी बसवलेले असे. छापखान्याच्या संगणकात तो फॉन्ट नसला की 'हळद'ऐवजी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडमध्येही जुन्या सॉफ्टवेअरवर जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या सरकतात. त्यावरचा उपाय म्हणजे कर्व्ह: अक्षराचे अक्षरपण काढून त्याची रेषाकृती करणे.

१६/
गंमत अशी की ही आपल्याकडची जुनी वाट आहे. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले ते शिळाछापावर. दगडावर अक्षर हे चित्रच असते. पण चित्र झालेले अक्षर दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्व्ह करण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचावा, घटकपदार्थ, वजन आणि किंमत तपासावी, आणि मूळ फाईल वेगळी जपावी.

१७/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक स्थलांतर दिसते. चित्र आणि यंत्र यांच्यामध्ये पूर्वी एक माणूस उभा होता. रंग सुटे करणे, कडा वाढवणे, अक्षर उलटे काढणे ही त्याची विद्या. कॅमेऱ्याने ती अर्धी घेतली, सॉफ्टवेअरने उरलेली. माणूस गेला, पण काम संपले नाही. ते निमूटपणे लेबल मागणाऱ्याच्या माथी आले. ज्याला कोणी ते शिकवलेले नाही, अशाच्या.

१८/
आणि चुकीची किंमतही तोच मोजतो. मोठ्या कंपनीकडे हे पाहणारा विभाग असतो. बचतगटाच्या हजार लेबलांचा गठ्ठा वाया गेला, तर त्या महिन्याची मिळकत जाते. म्हणून छापखान्याच्या चार अटी कारणांसह सांगितल्या गेल्या पाहिजेत. जुना कारागीर उमेदवाराला हात धरून शिकवी. आज निदान एक नमुना-प्रत आणि दहा मिनिटांचे बोलणे तरी मागून घ्यावे. तो ग्राहकाचा हक्क आहे.

धागा समाप्त. आपल्या घरी जुनी कापडाची तिकिटे किंवा काडेपेटीची लेबले असतील, तर भिंगातून पाहा. ठिपके ओळीने असतील तर ते जाळीचे. वेडेवाकडे असतील तर बहुधा कोणाच्या तरी हाताचे.