डिग्री नसलेला प्रोफेसर आणि इंदूरची दिवाळी

मागच्या रविवारी आमच्या चाळीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. भिंतीवर मोठ्ठा नकाशा. टॉवर, पार्किंग, सरळ रस्ता, सगळं चकाचक. मी विचारलं, "मधला चौक कुठे गेला?" उत्तर आलं, "ती वाया जाणारी जागा होती." माझं सगळं लहानपण त्या वाया जाणाऱ्या जागेत गेलंय हो!

तेव्हा मला आठवले पॅट्रिक गेडेस. आजचा भाग त्यांच्यावर.

जन्म १८५४, स्कॉटलंड. शिक्षण जीवशास्त्राचं, पण डिग्री कधीच घेतली नाही. पंचविशीत मेक्सिकोला गेले असताना आजारपणात दृष्टी काही काळ गेली. डोळे सुधारले, पण मायक्रोस्कोपचं काम पुढे झेपेना. मग या माणसानं काय केलं? शहरं बघायला घेतली! लग्नानंतर बायकोसोबत एडिंबराच्या गलिच्छ वस्तीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना घेऊन ती सुधारू लागले. १८८८ मध्ये डंडीला वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसरही झाले.

१९१४ मध्ये ते भारतात आले. इथे काय चाललं होतं? १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला होता. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे. पण घर गेलेली माणसं जाणार कुठे? शेजारच्या वस्तीत, म्हणजे तिथे आणखी गर्दी. गेडेस म्हणायचे, आधी पायी फिरा, बघा, मोजा. मग जे अगदीच मोडकळीला आलंय तेवढंच काढा. एखादं पडकं घर हटवून तिथे चौक करा, झाड लावा. डॉक्टर जसा शक्य तितका अवयव वाचवतो, तसं. शहरातले तलावही बुजवू नका, म्हणायचे. डासांची भीती वाटते? मासे सोडा!

१९१७ हे साल त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. मोठा मुलगा महायुद्धात मारला गेला. त्याच वर्षी पत्नी ॲना भारतातच आजारपणात वारल्या. तरी काम थांबलं नाही. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगचं सावट होतं. गेडेस यांनी दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की जो भाग सर्वांत स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार. झालं! लोकांनी घरं झाडली, रंगवली, कचरा उपसला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, मानानं चालत होते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल आला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रोफेसर हेच. त्यांनी निवडून इंग्लंडला धाडलेले मालवणचे गो. स. घुर्ये १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राचं मोठं नाव ठरले.

आज आपण 'सस्टेनेबल' म्हणतो. गेडेस यांचं साधं होतं: रेघ मारण्याआधी तिथे कोण राहतं ते बघा.

तर पुढच्या मीटिंगला मीही नकाशा नेतोय, हातानं काढलेला. पापड कुठे वाळतात, पोरं कुठे खेळतात, पावसाचं पाणी कुठून जातं, सगळं त्यात आहे. चौक वाचेल की नाही, माहीत नाही. पण तो वाया जात नव्हता, हे कागदावर तरी येईल.

तुमच्या गल्लीचा नकाशा काढाल? भेटू पुढच्या भागात!