४२२००१ ते १९२.१६८: पत्त्याची गोष्ट

मंडळी, १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांचा पिनकोड सुरू झाला. आपल्या नाशिकचा ४२२००१ घ्या. पहिले तीन आकडे टपालाच्या नाशिक जिल्ह्याचे, उरलेले तीन पोस्ट ऑफिसचे. आयपी पत्ताही असाच: आधी नेटवर्क, मग मशीन. फक्त तुकडा कुठे पाडायचा हे तिथे कायमचं ठरलेलं नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो.

१९९४ मध्ये १७२.१६ ते १७२.३१ हे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखले गेले. आता कोडमध्ये पत्ता नुसता मजकूर म्हणून ठेवला आणि ‘१७२ ने सुरू होतो म्हणजे खासगी’ असं लिहिलं, तर १७२.३२ वरचा परकाही घरचाच ठरतो की! २०१२ मध्ये पायथन ३.३ सोबत ‘आयपीअ‍ॅड्रेस’ मॉड्यूल आलं. ते असल्या पत्त्याला ३२ बिटांची संख्या मानतं. खासगी की सार्वजनिक, तेच सांगतं. तुमच्या राऊटरचा १९२.१६८ त्याच राखीव यादीतला, बरं का.