सक्करदरा ते कामठी : एका दिवसाची सहल

रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांची एक दिवसाची सहल न्यायची, असं कार्यकारिणीने ठरवलं आणि जागा सुचवायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाकडे अशी कामं आपोआप येतात. मी बैठकीत ‘कामठी’ असं नाव घेतलं आणि सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे भाऊ म्हणाले, “काका, कामठीला काय हाय? तिथं तं आपण लग्नाला जातो अन् जेवून वापस येतो.” तरुण मंडळींना वॉटर पार्क हवं होतं, महिला मंडळाला रामटेक.

रामटेकला माझा विरोध नाही. पण गडमंदिर, कालिदास स्मारक, नगरधनचा किल्ला आणि खिंडसी हे सगळं एका दिवसात उरकायचं म्हणजे देवाला धावता नमस्कार. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांनी रामटेक दोन-चारदा पाहिलेलं आहे. कामठी मात्र सतरा-अठरा किलोमीटरवर असून कोणीच पाहिलेली नाही. मी स्वतः तिथे तीन वर्षं नोकरी केली, तरी मीही पाहिलेली नव्हती. ते कसं, हे पुढे सांगतो.

आधी आपल्या सक्करदऱ्याविषयी थोडं. आज आपण स्वतःला शहरातले समजतो. उमरेड रोडवर दिघोरीच्या पलीकडे प्लॉट घेतलेल्या नातेवाईकाला “फार दूर गेले बुवा” असं म्हणतो. पण इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये भोसल्यांच्या बागांची यादी आहे. शहराच्या आतल्या बागांत तुळशीबाग येते आणि उपनगरातल्या बागांत पाल्डी, सोनेगाव, तेलंगखेडी यांच्या पंगतीत आपलं सक्करदरा येतं. म्हणजे महालात राहणाऱ्या माणसासाठी सक्करदरा हेच गावाबाहेरचं, हवापालटाचं ठिकाण होतं. तलाव, झाडी आणि राजांचा वाडा. तेव्हा सहलीला लोक इकडे येत असतील, आज आपण इकडून सहलीला निघतो.

नागपूरचीही तीच गोष्ट. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं ते बारा वस्त्या एकत्र करून, असं सांगतात. मोठं शहर म्हणजे शेवटी एकमेकांना चिकटलेली खेडीच. त्यामुळे आजूबाजूची गावं पाहायला जाणं म्हणजे आपल्याच घराची जुनी कागदपत्रं काढून वाचण्यासारखं आहे.

आता कामठी. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर 1817 मधली. त्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात भोसल्यांचा पराभव झाला, आणि इंग्रजांना राजधानीवर नजर ठेवण्यासाठी कायमची फौज हवी झाली. ती शहरात ठेवली नाही. शहरापासून एका मजलेवर, कन्हान नदीच्या काठी, 1821 साली छावणी वसवली. तीच कामठी. जागा नीट हेरलेली होती : बारमाही पाणी, मोकळं मैदान, आणि गरज पडली तर काही तासांत नागपूर गाठता येईल एवढंच अंतर. पुढे डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं, तेव्हाही कामठीची छावणी होतीच. सक्करदरा राजाचं उपनगर आणि कामठी त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्यांचं उपनगर, असा सरळ हिशेब.

पलटण आली की तिच्यामागे बाजार येतो. कामठीत बराच काळ मद्रासी फौज होती, त्यामुळे तेलुगू आणि तमिळ बोलणारी माणसं आली. गोऱ्या सोल्जरांसाठी दुकानं लागली, त्या भागाचं नाव आजही गोरा बाजार आहे. 1857 नंतरच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आपले माग घेऊन इकडे आले आणि कामठी हातमागाचं गाव झालं. विड्या वळणाऱ्यांची मोठी वस्ती झाली. मंदिर, मशीद, चर्च आणि विहार एवढ्या जवळजवळ असलेलं गाव आपल्या जिल्ह्यात दुसरं मला माहीत नाही.

विडी कामगारांच्या या वस्तीतूनच एल. एन. हरदास पुढे आले. कामठीचे बाबू हरदास. जन्म 1904. त्यांनी विडी कामगारांना संघटित केलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचं काम केलं आणि 1937 च्या निवडणुकीत ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत निवडून गेले. 12 जानेवारी 1939 रोजी, पस्तिशीतच, क्षयाने वारले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. जे दोन शब्द आज देशभर रोज लाखो तोंडांतून निघतात, ते आपल्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या गावातल्या माणसाचे आहेत. आपल्या मुलांना हे शाळेत सांगितलं जात नाही. निदान सहलीत तरी सांगू.

याच कामठीत 1861 साली ताजुद्दीन बाबांचा जन्म झाला. काही काळ फौजेत नोकरी. पुढे लोकांनी त्यांना वेडं ठरवलं आणि 1892 मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. तिथे त्यांच्या दर्शनाला गर्दी होऊ लागली. 1908 मध्ये भोसले घराण्यातले त्या वेळचे राजे रघुजीराव त्यांना तिथून सोडवून घेऊन आले. आणले कुठे, तर आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात. एका हिंदू राजाने एका मुसलमान फकिराला आपल्या घरी मानाने ठेवलं, आणि त्याचा कोणी गाजावाजा केला नाही. 17 ऑगस्ट 1925 रोजी बाबा वारले. त्यांचा दर्गा उमरेड रोडवर, ताजबागला. आपल्या इथून दोन-तीन किलोमीटर.

आता माझी गोष्ट. 1986 ते 1989 मी कामठीला बँकेत होतो. सकाळी साडेआठला घरून निघायचं, संध्याकाळी सातला परत. विणकरांची कर्जप्रकरणं माझ्या टेबलावर येत. माग किती, सूत कोणाकडून, जामीनदार कोण, हप्ता थकला का, एवढंच मी विचारायचो. मला कामठी माहीत होती ती खातेवहीच्या पानांवरून. एक वयस्कर विणकर होते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हप्ता भरायला यायचे, तोही मोजून, सुट्या नाण्यांसकट. प्रत्येक वेळी जाताना म्हणायचे, “साहब, एक दिन घर आइए. हमारा करघा देखिए. चाय पीजिए.” मी प्रत्येक वेळी म्हणायचो, “आऊंगा, मियाँ, जरूर आऊंगा.” त्यांचं घर शाखेपासून चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षांत मी गेलो नाही. मला पाच-चाळीसची बस पकडायची असायची.

सहलीचा रस्ता पाहून यावा म्हणून गेल्या महिन्यात मी आणि आपले खजिनदार स्कूटरने कामठीला गेलो. मी त्या गल्लीत शिरलो. पत्ता मला तोंडपाठ होता, कर्जाच्या फाइलवर तो कितीदा तरी वाचलेला. घर होतं, पण दोन मजली झालेलं. खाली मोबाईलचं दुकान. दुकानातल्या मुलाने सांगितलं, “दादाजी को गुजरे बीस साल हो गए.” माग कुठे आहे, म्हणून विचारलं. तो म्हणाला, “वो तो अब्बा ने जलावन में दे दिया.” जळणात. त्या मागावर मी सही करून कर्ज दिलं होतं. तो कसा दिसतो ते मला आजही माहीत नाही.

मुलाने चहा मागवला. खजिनदार म्हणाले, “काका, उशीर होऊन राहिला.” मी म्हटलं, “होऊ द्या.” आणि चहा पूर्ण संपवला.

सभासदहो, कामठीचा हट्ट मी का धरला, ते यावरून लक्षात येईल. शहर वाढतं तेव्हा भोवतालची गावं आधी आपल्याला सर्व्हे नंबर म्हणून दिसतात, मग प्लॉट म्हणून. त्यांतली माणसं दिसेदिसेपर्यंत बऱ्याच गोष्टी जळणात गेलेल्या असतात. कामठी रोडवर आता मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावते आणि पुढे कन्हानपर्यंत न्यायचं काम हाती घेतलेलं आहे. अजून काही वर्षांनी नागपूर कुठे संपतं आणि कामठी कुठे सुरू होते, हे सांगता येणार नाही. आपलं सक्करदरा असंच कधीतरी शहरात विरघळलं. तेव्हा कोणी पाहून, लिहून ठेवलं असतं तर आज आपल्याला गॅझेटियरच्या एका ओळीवर भागवावं लागलं नसतं.

तर सहलीचा बेत असा आहे.

सकाळी साडेसातला फाटकातून बस निघेल. इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौकमार्गे साडेआठच्या सुमारास कामठी. तर्री-पोह्यांचा नाश्ता तिथेच. नऊ ते अकरा पायी फेरी : गोरा बाजार, जुन्या बाजारपेठा आणि विणकरांची वस्ती. छावणीचा मोठा भाग आजही लष्कराच्या ताब्यात आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र तिथेच आहे. म्हणून त्या बाजूला रस्त्यावरूनच पाहायचं आणि मोबाईल खिशात ठेवायचे. नातवंडांना आधीच बजावून ठेवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसमध्येच बसावं, बस हळूहळू मागून येईल.

अकरानंतर ड्रॅगन पॅलेस. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने सुलेखाताई कुंभारे यांनी उभारलेलं हे बुद्धमंदिर 1999 साली खुलं झालं. म्हणजे आपल्या सोसायटीहून एका वर्षाने मोठं. आत चंदनाच्या लाकडात कोरलेली बुद्धमूर्ती आहे. आत बोलायचं नाही, नुसतं बसायचं. आपल्या वार्षिक सभेतल्या काही वक्त्यांना हा सराव उपयोगी पडेल.

दुपारचं जेवण सोबत नेणार आहोत. पोळी, पाटोडी-रस्सा, भात, ताक. जेवण झाल्यावर कन्हानचा काठ. तिथे बाबू हरदासांची समाधी आहे, दोन मिनिटं उभं राहून नमस्कार करू. आणि मग नदी पाहायची.

ही नदी पाहायचीच, असं मी म्हणतो त्याला कारण आहे. सातपुड्यात छिंदवाड्याच्या बाजूला उगम पावणारी ही नदी पेंचला सोबत घेऊन येते आणि पुढे वैनगंगेला मिळते. कन्हानच्या जलशुद्धीकरण केंद्रात देखभालीचं काम निघालं की दुसऱ्या दिवशी कोणकोणत्या टाक्या भरणार नाहीत, त्याची यादी पेपरात येते. त्या यादीत सक्करदऱ्याच्या टाक्यांची नावं असतात. म्हणजे आपण पंचवीस वर्षं या सोसायटीत जे पाणी प्यायलो, ज्या पाण्यावर गणपतीचा मोदक झाला आणि कुंडीतली तुळस जगली, ते कामठीच्या काठावरून आलेलं आहे. “कामठीला काय हाय?” असं विचारणाऱ्या आमच्या भाऊंना मी एवढंच सांगतो : भाऊ, तुमच्या सकाळच्या चहात कामठी आहे.

साडेतीनला परत निघायचं. साडेचार-पाचला ताजबाग. जन्म कामठीचा, विसावा इथे, असा एका माणसाचा सगळा प्रवास आपण त्या दिवशी बसने केलेला असेल. ज्यांना आत जायचं त्यांनी जावं, ज्यांना नाही त्यांनी बाहेर बसावं. कोणावर सक्ती नाही.

शेवटचा थांबा सक्करदरा तलाव. इथे मुद्दाम सगळ्यांनी उतरायचं. आपण इथून रोज जातो. भाजी घ्यायला, बुधवार बाजाराला, आयुर्वेदिक कॉलेजला औषध आणायला. पण सहलीला आल्यासारखं कधी थांबत नाही. त्या संध्याकाळी दहा मिनिटं थांबू. मुलांना राजांच्या बागेची गोष्ट सांगू आणि ज्यांच्या लहानपणी इथे पलीकडे नुसती शेतं होती, त्या आजी-आजोबांना बोलू देऊ. तेवढं कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करावं, ही तरुण मंडळींना विनंती. मेसेज तर तुम्ही रोज करताच, एक दिवस हेही करा.

बैठकीत शेवटी मतदान झालं. रामटेक अकरा, वॉटर पार्क नऊ, कामठी चौदा. रामटेकची सहल उन्हाळ्याआधी वेगळी न्यायची, असंही ठरलं. वॉटर पार्कवाल्यांनी अजून हार मानलेली नाही.

बसमध्ये माझ्या शेजारची एक जागा मी मागून घेतली आहे. मोबाईलच्या दुकानातल्या त्या मुलाला मी फोन केला होता. तो म्हणाला की त्याच्या ओळखीत एका घरी अजून माग चालतो, चढाव उतरताच डाव्या हाताला. वाट दाखवायला तो पुलापासून बसमध्ये चढणार आहे. चहा त्याच घरी घ्यायचा आहे. या वेळी बस थांबेल.