नमस्कार कोणीं म्हणावा?

दोघांची भेट ‘नमस्कार’ या शब्दानें व्हावी हें आज इतकें स्वाभाविक वाटतें कीं, हा शब्द उच्चारण्यास एके काळीं मनाई झाली होती असें सांगितल्यास श्रोत्यांस तें खरें वाटणार नाहीं. परंतु तशी मनाई झाली होती, आणि ती करणारें इंग्रज कंपनीचें मुंबईचें कौन्सिल होतें.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. ‘नम्’ या धातूचा अर्थ वाकणें. त्यापासून ‘नमस्’ म्हणजे वाकून दाखविलेला आदर. तो करणें म्हणजे नमस्कार. नम्र, प्रणाम, प्रणति हे सारे त्याच घरचे. अवेस्ताच्या भाषेंतही या ‘नमस्’चा सख्खा भाऊ आहे, आणि त्याच इराणी शाखेंतून ‘नमाज’ हा शब्द आला. नमस्कार आणि नमाज एकाच मुळाचे आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. जुन्नरजवळ नाणेघाटांत सातवाहनांचा जो प्राचीन लेख आहे, त्याच्या आरंभीं इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना असेंच नमन केलेलें आहे. यजुर्वेदांतील रुद्राध्याय तर सगळा नमनांचाच. त्यांत सुतार, रथकार, कुंभार, लोहार यांस नमन आहे. इतकेंच काय, चोरांच्या अधिपतीसही आहे!

देवास करावयाच्या नमनांत अशी उदारता असली, तरी माणसांच्या भेटींत ती राहिली नाहीं. मनुस्मृति सांगते कीं, भेटलेल्या ब्राह्मणास ‘कुशल’ विचारावें, क्षत्रियास ‘अनामय’, वैश्यास ‘क्षेम’ आणि शूद्रास ‘आरोग्य’. चारही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच. पण शब्द कानीं पडतांच समोरचा कोणत्या पायरीवर उभा आहे तें कळावें, ही योजना.

पेशवाईंतील पत्रें उघडून पाहावीं. मजकुरापर्यंत जाण्यापूर्वींच, नुसत्या मायन्यावरून, लिहिणाराची आणि घेणाराची जात बहुधा ओळखतां येते. पेशवे ब्राह्मण सरदारास लिहितात तेव्हां ‘नमस्कार’, आणि मराठा सरदारास लिहितात तेव्हां ‘आशीर्वाद’. मग तो सरदार वयानें मोठा असो कीं उत्तरेंत पन्नास मुलूख जिंकून बसलेला असो. मराठे आपसांत ‘रामराम’ घालीत, लिंगायत ‘शरणार्थ’ म्हणत, महानुभाव ‘दंडवत’. महारांच्या वांट्यास ‘जोहार’ आला होता. या व्यवस्थेंत ‘नमस्कार’ हा ब्राह्मणांचा शब्द ठरला.

मुंबई-कोंकणांतील सोनार स्वतःस दैवज्ञ ब्राह्मण म्हणवीत आणि नमस्कार हा शब्द वापरीत. ब्राह्मणांना तें खपेना. हा वाद कंपनीच्या मुंबईंत पोंचला, आणि ९ ऑगस्ट १७७९ रोजीं कौन्सिलानें सोनार जातीस ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. साल लक्षांत घेण्यासारखें आहे. त्याच वर्षीं जानेवारींत वडगांव येथें इंग्रजांच्या फौजेस मराठ्यांपुढें हार खावी लागली होती; युद्ध अजून मिटलें नव्हतें. अशा धामधुमींत सातासमुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांनीं, आपल्या देशांतील एका जातीनें भेटीच्या वेळीं काय म्हणूं नये, याचा ठराव करावा, हा प्रकार मला त्या लढाईपेक्षांही विलक्षण वाटतो. सोनारांनीं कोणाचें वतन मागितलें नव्हतें. त्यांस हवा होता तो एक शब्द. आणि ज्या रुद्राध्यायानें ऐरणीवर घण घालणारासही नमन केलें, त्याचेच पाठक तो शब्द त्यांस देण्यास तयार नव्हते.

पेशवाई १८१८ सालीं गेली. पुढें छापखाने, शाळा, जाहीर सभा आल्या, आणि ‘नमस्कार’ हळूहळू सर्वांचा झाला. सभेंतील शंभर माणसांस जातवार निरनिराळे शब्द घालीत बसणें वक्त्यास शक्य नव्हतें. मुंबईस १९२७ सालीं नभोवाणी सुरू झाली. तेथें तर बोलणारास ऐकणाराचें तोंडही दिसत नाहीं.

‘जोहारा’ची गोष्ट मात्र निराळी आहे. एकनाथांनीं महाराच्या तोंडीं घालून जोहाराचीं भारुडें रचलीं, त्यांत या शब्दाला परमार्थाचें तेज आहे. पण गांवच्या चावडीपुढें वाकून तोच शब्द म्हणणें ही सक्तीची गोष्ट होती. छोटा नागपुरांतील आदिवासी आजही एकमेकांस बरोबरीच्या नात्यानें आणि अभिमानानें ‘जोहार’ घालतात. शब्दांत मुळीं कमीपणा नव्हता, तो म्हणावयास लावण्यांत होता. डॉ. आंबेडकरांच्या चळवळींत महाराष्ट्रांतील महारांनीं हा शब्द टाकला. त्याच्या जागीं त्यांनीं नमस्कार घेतला नाहीं. ‘जय भीम’ हा नवा शब्द त्यांनीं स्वतः घडविला.