अ‍ॅमस्टरडॅमच्या बाइल्मर वसाहतीची हकीकत

आपल्या वसाहतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून मंडळात दुसरा विषयच नाही. भजन संपते न संपते तोच कोणी तरी विचारते, "काय हो, बावीस मजले होणार म्हणतात, खरे का?" स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला. सातवीपर्यंत शिकलेल्या मजसारखीने गडकिल्ल्यांवर काय लिहावे? माझी पुतणी वास्तुशास्त्र शिकते. तिने परदेशच्या एका उंच वसाहतीची हकीकत मला वाचून समजावून दिली, तीच सांगते.

हॉलंडातील अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या आग्नेयेस बाइल्मरमेर नावाची सखल जमीन आहे. महायुद्धानंतर त्या देशात घरांची फार टंचाई होती. म्हणून १९६६ साली तेथे सार्वजनिक बांधकामास आरंभ झाला व १९६८ साली पहिली कुटुंबे राहावयास आली. मधाच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी वळणे घेत गेलेल्या ३१ लांबच लांब इमारती, प्रत्येक दहा-अकरा मजल्यांची, आणि घरे सुमारे १३,०००. घरे प्रशस्त व उजेडाची. मोटारींचे रस्ते उंचावरून, खाली माणसांसाठी हिरवळ नि झाडी. ऐकताना मला तर हेवाच वाटला.

मग बिघडले कोठे? खर्च वाचावा म्हणून लिफ्टा कमी केल्या. तळाला घरे नव्हतीच, नुसत्या अडगळीच्या खोल्या. आपण ओट्यापाशी उभ्या राहून अंगणात कोण आले, कोण गेले ते पाहत असतो. ती नजरच तेथे जमिनीवर नव्हती. रात्री त्या लांब गॅलऱ्यांतून आणि मोटारींच्या अंधाऱ्या कोठारांतून जावयास बायकांना भीती वाटे. शहराकडे जाणारी मेट्रो १९७७ साली आली, मोठा बाजार तर त्याहून दहा वर्षांनी. भाडे मात्र पहिल्यापासून भारी! ज्यांना परवडले त्यांनी दुसरीकडे परसबागेची बुटकी घरे घेतली, आणि इकडे घरे ओस पडू लागली.

त्याच सुमारास, १९७५ साली, सुरिनाम स्वतंत्र झाला व तेथील पुष्कळ लोक हॉलंडात आले. आपल्या देशातून करारावर गेलेल्या मजुरांचे वंशजही सुरिनामात आहेत. पण बाइल्मरात आले ते बहुतांशी आफ्रिकी वंशाचे. इतरत्र त्यांना घर मिळताना अडचण होई, येथे रिकामी होती. बाहेरचे लोक वस्तीला नावे ठेवू लागले. वास्तविक, कोणाला नको असलेल्या घरांत संसार थाटले ते त्यांनीच.

४ ऑक्टोबर १९९२, रविवार. संध्याकाळी एक मालवाहू विमान दोन इमारतींवर कोसळले. ४३ माणसे गेली. जवळचे एक झाड मात्र वाचले. 'सर्व पाहिलेले झाड' असे त्याला म्हणतात, आणि लोक दरवर्षी त्या दिवशी तेथे जमतात.

वसाहत नव्याने उभारण्याचे ठरले तेही त्याच वर्षी. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत निम्मीअधिक उंच घरे पाडली. त्या जागी रस्त्यावर दार उघडणारी कमी उंचीची घरे झाली. उंच रस्ते बऱ्याच ठिकाणी खाली आणले, कोठारे काढून टाकली. ज्यांची घरे पाडली, त्यांना दुसरे घर मिळताना अग्रक्रम होता. परंतु ठरविणारे बहुतेक गोरे अधिकारी, आणि राहणारे काळे! १९९६ साली कृष्णवर्णीय रहिवाशांनी संघटना करून कारभारात वाटा मागितला. काही वर्षांतच सुरिनामात जन्मलेल्या हॅना बेलियट या बाई त्या विभागाच्या अध्यक्षा झाल्या. हे ऐकून मी पुतणीला पुन्हा एकदा वाचावयास लावले.

शेवटी क्लाइबर्ग नावाची एक इमारत उरली. चारशे मीटर लांब, पाचशे घरे. तीही पाडावयाची ठरली होती. ती एका युरोला विकली गेली. घेणाऱ्यांनी लिफ्टा, गॅलऱ्या, बाहेरचे अंग दुरुस्त केले, तळच्या खोल्या काढून तेथे राहती घरे केली, आणि आतून घरे कोरी ठेवून स्वस्तात विकली. भिंती, न्हाणीघर, ओटा ज्याने त्याने आपल्या सोयीने घालावा. २०१७ साली त्या कामास युरोपातील वास्तुकलेचे मोठे पारितोषिक मिळाले.

आपल्याकडचे नकाशे पुढील सभेत दाखविणार आहेत. ओटा कोणत्या बाजूस, त्या खिडकीतून अंगण दिसते की नाही, आणि लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीचे पैसे कोणी भरावयाचे, एवढे तीन प्रश्न मी वहीत लिहून ठेविले आहेत.